एदेल्मिराचा अनवाणी पाय

हवानापासून लांबच्या कुमानायागुआ गावात त्या काळी जुन्या अमेरिकन गाड्या पुष्कळ होत्या, पण त्यांच्या पोटातली मूळची इंजिनं जवळजवळ संपली होती. रशियाकडून येणारं तेल आटलं आणि गावाला एकदम कळलं, की आपण इतकी वर्षं दारात हत्ती पोसत होतो. मग कुणी गाडीत ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं, कुणी मासेमारीच्या होडीचं. ज्याला दोन्ही जमलं नाही त्याने गाडी परसात लावली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. जुनं इंजिन काढायचं आणि नवं बसवायचं हे सगळं काम एवेलियोकडे यायचं. गावात त्याच्याइतका हाताचा पक्का मेकॅनिक नव्हता, आणि हे तो स्वतःही सांगायचा.

त्याच्या तावडीतून एकच गाडी सुटली होती, एदेल्मिराची. पन्नास सालची आकाशी शेवरलेट, सहा सिलिंडर, दीड टन लोखंड, आणि इंजिन कारखान्यातून आलं तेच. पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळायचं अशा देशात, अशा दिवसांत बनलेली गाडी. ती या दुष्काळात रोज सकाळी माणसं भरून सिएनफुएगोस शहरात जायची आणि दुपारी माणसं भरून परत यायची. कशी, ते कुणाला उमगत नव्हतं.

एदेल्मिरा साठी ओलांडलेली, चणीने बारीक. सगळं गाव तिला मावशी म्हणे. समोरचं नीट दिसावं म्हणून सीटवर रिकामं पोतं घडी करून घ्यायची. तिचा नवरा आबेलार्दो होता तेव्हा गाडीची तऱ्हा वेगळी होती. दर दारासमोर ब्रेक, दर बाईसमोर हॉर्न, आणि पाय असा जड की पंपावरचा माणूस त्याला लांबून ओळखायचा. तो मेला तेही घाईतच मेला, असं मावशी म्हणायची. त्याच्यामागे ती बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. त्याआधी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात पायाचं मशीन चालवलं होतं, तेही अनवाणी. गाडीतही ती चपला काढून शेजारी ठेवायची आणि उघडा तळवा पेडलवर टेकवायची. चाक एकदा फिरायला लागलं की पाय उचलायचा, बाकीचं काम चाकच करतं, हे तिला गाडीने शिकवलं नव्हतं, मशीनने शिकवलं होतं.

तिच्या गाडीत बसायचं तर तिचे नियम पाळावे लागत. ती प्रवाशाच्या दारात थांबत नसे. फक्त चढ संपतो आणि उतार सुरू होतो त्या तोंडाशी थांबायची, म्हणजे पुन्हा निघताना गाडी फुकट निघते. ज्याचं घर चढाच्या मध्यावर त्याने मुकाट मागे चालत जायचं. ब्रेक तिला आवडत नसे. ब्रेक म्हणजे सांडलेलं पेट्रोल, ती म्हणायची. लांबवर बैलगाडी दिसली की पाय वर, आणि गाडी अशी बेताने रेंगाळत जायची, की तिथे पोचेपर्यंत बैलगाडी वळून गेलेली असे. उतारावर ती इंजिनच बंद करायची. मग गाडीत पाखरांचे आवाज यायचे.

चौकात झाडाखाली डॉमिनो खेळणारी टोळी या गाडीला अंत्ययात्रा म्हणायची. ती पुढून गेली की एखादा टोपी काढून छातीशी धरायचा आणि विचारायचा, "मावशी, आज कुणाला पोचवून आलीस?"

"तुला अजून वेळ आहे," ती गाडी न थांबवता सांगायची. "पुढची सीट तुझ्यासाठी राखून ठेवलीय."

एवेलियोही त्या टोळीतलाच. एकदा पैजेच्या भरात त्याने सलाईनची रिकामी बाटली आणली, तिच्यात मोजून एक लिटर पेट्रोल ओतलं, बाटली बॉनेटच्या बाजूला तारेने टांगली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. गावात गाडीची भूक अशीच मोजत. बाटली रिकामी होऊन गाडी बंद पडेल तिथवरचे किलोमीटर मोजायचे. असल्या गाड्या सहा जायच्या, फार तर सात. एवेलियोने स्वतः जीव ओतून लावलेली एक गाडी आठ गेली होती, आणि त्याचं कौतुक तो वर्षभर सांगत होता. मावशीची तेरा गेली.

त्याला वाटलं, हिने रॉकेल मिसळलंय. बाटली त्यानेच भरली होती, पण माणसाला असं वाटतं. त्याने बॉनेट उघडून रशियन गाडीचा कमी पिणारा कार्बोरेटर शोधला, तो नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली टांगली, पुन्हा तेच. इतकी वर्षं तो इंजिनात शोधत होता ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तळव्यात होतं. डॉमिनोवाल्यांना त्याने आकडा सांगितला तेव्हा त्यांनी त्याला किती प्यालास असं विचारलं. त्यानंतर त्याने अंत्ययात्रा हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

एवेलियोची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि मुलगी मायलेन, दोघंच. मायलेन एकोणीस वर्षांची, हसली की शेजारच्या घरात कळायचं. तिने बापाला न सांगता अमेरिकेच्या व्हिसाच्या सोडतीत नाव घातलं, आणि नाव निघालं. तिकडे टँपा शहरात तिची आत्या होती. सगळे कागद झाले, विमान ठरलं. त्या दिवशी ते विमान चुकलं तर बाहेर जायची परवानगी संपणार होती, आणि पुन्हा मिळायची कुणी खात्री देत नव्हतं. हवाना तीनशे किलोमीटरवर. बसला महिनाभराची यादी, आगगाडी आली तर आली. डिझेलवाल्यांनी हात वर केले, गावात डिझेलचा थेंब नव्हता. मायलेन मावशीकडे गेली आणि मावशीने एका शब्दात हो म्हटलं. घरची कॉफी, दोन शिवलेले झगे आणि एक डुकराची मांडी देऊन तिने इकडून-तिकडून पेट्रोल जमवलं. गाडीचा पेट्रोलचा काटा आबेलार्दोच्या आधीच मेला होता. आदल्या संध्याकाळी तिने टाकीत पेरूची काठी बुडवून पाहिली आणि म्हणाली, पुरेल, हातचं फारसं राखून नाही, पण पुरेल.

तिने काठी पुसून ठेवली आणि ती आत जेवायला गेली. एवेलियो प्लग साफ करायच्या निमित्ताने गाडीपाशीच राहिला. त्याने टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली आणि चार-पाच लिटर पेट्रोल डब्यात उतरवून घेतलं. डबा आपल्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्रीखाली सरकवला. काय करतोय हे त्याला चांगलं माहीत होतं. मुलीला जाऊ नकोस म्हणायची त्याच्यात हिंमत नव्हती. म्हटलं असतं तर ती राहिलीही असती, आणि मग जन्मभर त्याच्याकडे तशा डोळ्यांनी पाहत राहिली असती. त्यापेक्षा पेट्रोल संपलं तर कुणाचाच दोष नाही. या देशात पेट्रोल संपणं ही काय नवलाची गोष्ट आहे? तोंडातली पेट्रोलची चव घालवायला त्याने दोनदा चूळ भरली, पण ती गेली नाही.

पहाटे ते निघाले. मावशीने चपला काढल्या, सुटकेस मागच्या सीटच्या बरोबर मध्ये ठेवायला लावली, मायलेनला मागे बसवलं आणि एवेलियोला आपल्या शेजारी. गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर तिने मान जराशी कलती केली. पुलापलीकडे तिचा भाचा राहायचा. तिथे उताराच्या तोंडाशी गाडी थांबवून ती म्हणाली, स्टेपनी उतरवून ठेव. जॅकही. हत्यारांची पेटीही. एवेलियोने विचारलं, वाटेत टायर बसला तर? ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा, आता ओझं नको. चोराच्या मनात चांदणं, तसं एवेलियोला झालं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण त्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

हमरस्त्याला लागल्यावर तिने काचा वर करायला लावल्या आणि गाडी एका वेगाला आणून ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच. सायकलवाला जीव खाऊन पायडल मारता तर त्याने थोडा वेळ सोबत केली असती, इतका तो वेग. एवेलियोने आयुष्यभर इंजिनं ऐकली होती, पण इतका वेळ एका सुरात चाललेलं इंजिन कधी ऐकलं नव्हतं. त्याने खाली पाहिलं. तिचा तळवा पेडलवर होता की नव्हता हे नजरेला कळत नव्हतं, फक्त अंगठा अधूनमधून किंचित वाकायचा, पुढे चढ दिसण्याच्या आधीच. चढाच्या पायथ्याशी गाडी थोडी उचल घ्यायची, माथ्यावर येता येता ती उचल नेमकी संपायची, आणि तिथे मावशी किल्ली फिरवायची. इंजिन गप्प. मग नुसता टायरचा आवाज, दूरच्या गाई, मागे मायलेनचं गुणगुणणं.

अशा दर शांततेत एवेलियो कान देऊन बसायचा. आता नाही सुरू होणार, आता नाही. उतार संपत आला की मावशी क्लच दाबायची, गिअर टाकायची, क्लच सोडायची, गाडी एक हिसका द्यायची आणि इंजिन पुन्हा त्याच सुरात. त्याच्यातल्या बापाने दर वेळी कपाळावर हात मारला आणि त्याच्यातल्या मेकॅनिकने दर वेळी तोंडात बोट घातलं. उसाने उंच भरलेला एक ट्रक पुढून जात होता. मावशीने त्याच्या मागे, वारा लागणार नाही इतक्या बेताने गाडी लावली आणि दोन तालुके त्याच्या आडोशाने काढले. देवाने या बाईला काय दिलंय, एवेलियोला वाटलं, आणि नेमकं माझ्याच विरुद्ध का दिलंय?

आग्वादा गावाच्या पुढे पुलाच्या सावलीत गाडी मिळेल या आशेने माणसं उभी होती. त्यांत एक चांगली अंगापिंडाची बाई, दोन पोती लसूण घेऊन. एवेलियोला एकदम भूतदया सुटली. बिचारी, म्हणाला, उन्हात उभी आहे, घेऊ या तिला. मावशीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"घेऊ या," ती म्हणाली. "स्टेपनी उतरलीच आहे. आणि स्टेपनी ढकलायला येत नाही."

बाई बसली तशी गाडी मागून खाली गेली. साऱ्या वाटेवर ती बोलत होती. लसणाचा भाव, नवऱ्याचं पोट, जावयाचा आळस. मध्येच तिने विचारलं, हिला घोडा जोडलाय का? घोडा असता तर लवकर पोचलो असतो. मायलेन इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. लसूणवालीने बोलणं अर्धं टाकून मायलेनचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि काही विचारलं नाही.

एवेलियो मनात हिशेब करत होता. सलाईनच्या बाटलीचा आकडा त्याला पाठ होता. त्या आकड्याने टाकी केव्हाच कोरडी व्हायला हवी होती. गाडी चाललीच होती. हिशेब संपला, त्याच्यापुढचं गाव गेलं, त्याच्यापुढचंही गेलं. ही पेट्रोलवर चालते आहे की आणखी कशावर, हे त्याला आता सांगता येईना. भीती वाटावी तसं त्याला वाटायला लागलं. देवळात गेल्यावर वाटते तशी ती भीती होती. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, मावशी, तू माणूस नाहीस. ती म्हणाली, बोलू नकोस, तू बोललास की मला इंजिन ऐकू येत नाही.

हवाना दिसायला लागलं. विमानतळाच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा मायलेनने घड्याळ पाहिलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. तो रस्ता शेवटी एका पुलावर चढतो आणि पलीकडे उतरतो. त्या चढाच्या मध्यावर इंजिन खोकलं, एकदा दम घेतला, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. मावशीने हँडब्रेक ओढला. दिवसभरात तिने ओढलेला तो पहिला ब्रेक होता.

मायलेनने दार उघडलं आणि सुटकेस ओढायला लागली. विमानतळ दिसत होता, पण सुटकेस घेऊन पळत जाण्याइतका जवळ नव्हता. ती ओठ चावत होती, आणि एवेलियोला तिच्यात तिची आई दिसली, दवाखान्यात नेताना बस येईना तेव्हा अशीच उभी होती. त्याने मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं. नुसतं खिडकीबाहेर पाहत बसून राहायचं, एवढंच आता करायचं होतं. मावशी त्याच्याकडे पाहत नव्हती, समोर पुलाच्या माथ्याकडे पाहत होती.

"पलीकडे उतार आहे," ती म्हणाली. "सरळ दरवाजापर्यंत. माथ्यावर कुणी नेऊन सोडलं तर पुढचं मी बघेन."

एवेलियो उतरला. मायलेनला म्हणाला, आत बस, सुटकेस आत घे. मागे जाऊन त्याने दोन्ही हात गाडीला लावले. लसूणवाली शेजारी येऊन उभी राहिली, पदर खोचावा तसा तिने झगा कमरेशी बांधला आणि म्हणाली, "ढकल रे बाबा. मी लसूण विकायला निघाले होते, नांगर ओढायला नाही."

दीड टन लोखंड आधी हललंच नाही. मग वीतभर हललं. एवेलियोचे बूट रस्त्यावर घसरत होते, मागच्या काचेतून त्याला मुलीची पाठमोरी वेणी दिसत होती, आणि ती काच त्याच्या तोंडापासून हातभर लांब होती. मुलीला आपल्यापासून लांब करायचं काम तो इतक्या ताकदीने करत होता, की तितकी ताकद त्याने कुठल्या इंजिनाला लावली नव्हती. गाडी हातभर गेली, मग दोन हात. मावशीने चाक असं धरलं होतं की एक बोटभरही वाया जात नव्हतं. माथ्यावर आल्यावर वजन एकदम हलकं झालं. त्याला कळायच्या आत गाडी त्याच्या तळव्यांपासून सुटली.

ती थांबणार नव्हती. मावशी उतारावर थांबत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आकाशी गाडी आवाज न करता उताराला लागली, वेग घेत लांब होत गेली, आणि एवेलियो हात पुढे धरून तसाच उभा राहिला. मग तो धावायला लागला.

तो पोचला तेव्हा गाडी दरवाजासमोर उभी होती, बरोबर पायरीपाशी, जणू मोजून आणली होती. मायलेन काचेच्या दाराशी थांबली होती. आत कुणीतरी तिला घाई करत होतं. तिने बापाला मिठी मारली आणि त्याच्या कानात म्हणाली, "बाबा, तुम्ही ढकललंत ना, मी आरशात पाहिलं." त्याने फक्त तिच्या पाठीवर हात फिरवला, हाताच्या काळ्या खुणा तिच्या झग्यावर उठल्या, आणि ती तशीच आत गेली.

लसूणवाली पोती घेऊन आपल्या वाटेने गेली. जाताना लसणाची एक माळ बॉनेटवर ठेवून गेली. एवेलियो आणि मावशी गाडीसमोरच्या पायरीवर बसले. घरी जायला टाकीत थेंब नव्हता. एक विमान उठलं. ते तिचंच होतं की नाही कुणास ठाऊक, दोघांनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "पेट्रोल..."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "पहिल्या वळणावरच टाकीच्या आवाजावरून कळलं. उथळ पाण्याला खळखळाट फार."

"मग तिथेच का नाही सांगितलंस?"

"पोरगी मागे बसली होती. तिला मनात बाप घेऊन जायचा होता बरोबर, चोर नाही."

एवेलियोने तोंड दोन्ही हातांत धरलं. हाताला अजून गाडीच्या रंगाचा वास होता. तो रडला, आणि मावशीने त्याला रडू दिलं. ती वाकून पायाचा तळवा चोळत बसली. आता कुठे तो थरथरत होता. एवढ्या लांबच्या वाटेत एकदाही न चुकलेला तो तळवा भिजल्या पाखरासारखा थरथरताना एवेलियोने पाहिला, आणि त्याला आज आपल्यासाठी काय झालं ते पुरतं कळलं.

बऱ्याच वेळाने तिने चपला घातल्या.

"तो डबा आहे ना शेडमध्ये?"

"आहे."

"नीट झाकून ठेव. पोरगी भेटायला येईल तेव्हा तिला घ्यायला यावं लागेल."

पेट्रोल काही महिन्यांतच उतरतं, वर्षानंतर त्याने गाडी धड चालतही नाही, हे गावातल्या सगळ्यात पक्क्या मेकॅनिकला कुणी सांगायला नको होतं.

"ठेवतो," एवेलियो म्हणाला.